बारदान वजा

“श्वास सोडा दादा. धरून ठिवल्यानं काटा फसत न्हाय,” गुंडाप्पा शेठ म्हणाले.

रणधीर तुरीच्या काट्यावर उभा होता. एरवी ज्या लोखंडी पाट्यावर पोती चढत, त्यावर आज गावातला सगळ्यात मोठ्या मानाचा माणूस चपलांसकट चढला होता. लाल आकडे थोडा वेळ खालीवर नाचले आणि एकशे अठरा किलो चारशे ग्रॅमवर येऊन बसले. आडतीत बसलेल्या चौघांनी एकदम दुसरीकडे पाहिलं. कुणाचं वजन असं उघड्यावर वाचणं म्हणजे वाळत घातलेली लुगडी मोजण्यासारखंच.

“आता बारदान वजा करा,” शेठ म्हणाले. माल कुणाचाही असो, पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. “चपला एक किलो. मोबाइल, चाव्या, गळ्यातली साखळी, धरा अर्धा.”

“सकाळचं जेवण?” रणधीरनं आशेनं विचारलं.

“त्ये बारदानात न्हाय, मालात धरत्यात.”

सगळे हसले. रणधीरही हसला, त्याचं पोट त्याच्यानंतर थोडा वेळ हसत राहिलं. व्यंकट तेवढा हसला नाही. तो दाराशी टेकून उभा होता, हातात सरकारी फॉर्म आणि खिशात शिंप्याची टेप.

“एकशे सतरा. घ्या लिवून, डॉक्टर.”

“लिहिणार कुठं, शेठ? फॉर्मावर घोडीचं वय हाय, रंग हाय, अंगावरच्या खुणा हायत. वर बसणाऱ्याचा रकानाच न्हाय.”

“मग मानसाला पोत्यावानी तोलायलाव कशाला?”

“मला कळावं म्हणून,” व्यंकट म्हणाला.

परवा गावची जत्रा होती. सोनारीच्या जत्रेनंतर आठ दिवसांनी ती भरते. गावचा भैरवनाथ सोनारीच्या देवाचा धाकटा भाऊ, आणि धाकट्यानं थोरल्याआधी ताट घ्यायचं नसतं. छबिन्याला, म्हणजे देवाच्या मिरवणुकीला, रणधीरच्या घरातल्या कर्त्या पुरुषानं वेशीत देवाच्या घोडीवर चढायचं, मांडीवर चांदीचा मुखवटा घ्यायचा आणि थेट देवळाच्या पायरीशी उतरायचं. मध्ये पाय भुईला लागला किंवा एखाद्या वर्षी चढणंच झालं नाही, तर मान भावकीकडं. भावकी म्हणजे चुलतभाऊ योगीराज. तो अंगानं पाटाच्या कडेच्या हडकुळ्या शेवरीसारखा होता आणि दर जत्रेला अगदी पायरीशी उभा राहून रणधीरच्या पायांकडे बघत असे. रणधीरचा बाप मूठभर होता, सत्तेचाळीस किलोचा. त्याला घोडीवर चढवायला मदत लागत नसे, उतरताना वाऱ्यानं उडू नये म्हणून लागे, असं लोक म्हणत. मान पोराकडं आला, पण बापाचा बांधा आला नाही.

मागच्या साली कुठल्याशा गावात वरातीतली घोडी नवरदेवासकट बसली आणि तिचा व्हिडिओ गावोगाव फिरला. तेव्हापासून मिरवणुकीची परवानगी मागितली की जनावराचा दाखला मागतात.

“आन् घोडी अयोग्य निगाली तर?” आडतीतल्या एकानं विचारलं.

“त्याची तोड झालीया,” देवस्थान कमिटीचे चिटणीसही असलेले शेठ म्हणाले. “इकून टाकायची. फुडच्या सालापास्नं भाड्यानं आनायची. जिला देवाचं वझं उचलंना, तिला देवाच्या दारात वैरण कशापायी?” त्यांनी हे कुठलाही राग नसताना म्हटलं. भिजलेली तूर बाजूला सारताना ते याच आवाजात बोलत.

व्यंकटला गाव डॉक्टर म्हणायचं, पण तो डॉक्टर नव्हता. गुरांच्या दवाखान्यात तो व्रणोपचारक होता, म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा, अडलेल्या गायीचं वासरू ओढणारा. खरे डॉक्टर तीन दवाखान्यांचा कारभार बघत आणि आठवड्यातून एकदा उगवत. सव्वीस वर्षं निदान व्यंकटनं करायचं आणि सही डॉक्टरांनी, अशी वाटणी सुखानं चालली होती. निदान बरोबर निघालं तर डॉक्टर हुशार, चुकलं तर व्यंकट गाढव. त्यालाही ते बरं वाटे. सही नसलेल्या माणसाला रात्री झोप लागते.

या खेपेस मात्र डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, “ड्रॉवरमध्ये सही केलेला कोरा फॉर्म आहे. घोडी बघ आणि भर. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

सव्वीस वर्षांत ही तारीफ पहिल्यांदाच झाली आणि नेमकी नको तेव्हा झाली.

आडतीतून तो धुरपताबाईच्या घरी गेला. देवाची घोडी तिच्या दारात असे. आधीची घोडी बाळंतपणात मेली तेव्हा दोन दिवसांचं शिंगरू धुरपताबाईनं शेळीच्या दुधावर जगवलं होतं. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, म्हणून नाव कवडी. आता ती सतरा वर्षांची होती. डोळ्यांच्या वर खळगे पडलेले, पाठ मधोमध जराशी खचलेली. व्यंकटला बघून तिनं कान पुढं केले. गावातल्या बहुतेक जनावरांना त्याला बघून सुई आठवे. हिला गुळाचा खडा आठवे.

त्यानं गूळ दिला आणि टेप काढली. पुढच्या पायांमागून छातीचा घेर, दीडशे सेंटिमीटर. खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, एकशे चाळीस. घेराला घेरानं गुणलं, मग लांबीनं, भागाकार केला. घोडी दोनशे पासष्ट किलो.

परंड्याला पूर्वी महेबूबचाचा म्हणून एक टांगेवाले होते. व्यंकट शिकाऊ असताना त्यांच्या घोड्यांचे खूर धुवायला जाई. ते सांगायचे, “बेटा, घोडं सहावा हिस्सा खुशीनं उचलतं, पाचवा हिस्सा इमानानं. त्याच्यावर जे उचलतं, ते आपल्या डरनं.” पुढं डॉक्टरांच्या पुस्तकातही पाचवा हिस्साच निघाला.

दोनशे पासष्टचा पाचवा हिस्सा त्रेपन्न. खोगीर तेरा किलोचं, मुखवटा सहाचा. म्हणजे मानकऱ्यानं चौतीस किलोचं असावं. गावात तेवढ्या वजनाची माणसं होती, पण ती सहावीत शिकत होती.

“काय निगालं?” धुरपताबाईनं विचारलं.

“मावशी, वझं लई हाय. दुपटीच्या वर. अडीचपट म्हना.”

“मागल्या साली न्हेलंच की तिनं.”

“मागल्या साली दादा शंभराच्या आत हुते. आन् ही बी सोळाची हुती.”

घोडीच्या आयाळीतलं एक गोखरू धुरपताबाई बोटांनी सोडवत बसली. “अयोग्य लिवलं तर इकत्याल,” ती शेवटी म्हणाली. “सतरा वर्साची घोडी कोन घेतंय? वीटभट्टीवाला. तितं रोजचं वझं. हितं वर्सातनं एक दिस, वेशीपास्नं देवळापतुर. तुमी हिशेबी मानूस. एक दिस मोठा का तीनशे पासष्ट?”

“हिशेब तसा न्हाय, मावशी.”

“मग कसा हाय? सांगा की.”

व्यंकटनं टेप गुंडाळून खिशात घातली. हिशेब तसाच होता.

दुपारी दवाखान्यात रणधीर एकटाच आला. बुलेट त्यानं लांब, बाभळीखाली लावली होती. आत येऊन त्यानं दार लोटलं आणि गायी धरायच्या लोखंडी खोड्याला टेकून उभा राहिला. खुर्चीवर त्याचा विश्वास नव्हता.

“डॉक्टर, खरं बोला. बसंल का मोडंल?”

“बसनार न्हाय ती. जात चांगली हाय. म्हनूनच भ्याव वाटतंय. बसली असती तर वझं तरी उतरलं असतं.”

रणधीरनं मान हलवली. “माझं गुडघं गेल्यात. थायरॉइडची गोळी चालू हाय. सकाळी ज्वारीची अर्धी भाकर खातो, आईशप्पत. लोकाला वाटतंय ह्यो बसून चरतोय.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “माझी मर्जी म्हनाल तर मला चढायचंच न्हाय. मागल्या साली तिचा धापा टाकल्याला आवाज मांडीतनं ऐकू येत हुता. पन न्हाय म्हनालो की योगीराज चढला. आजा-पणज्यापास्नं आल्यालं म्या जाड झालो म्हनून गेलं, आसं माज्या नावावर लागंल.”

“योगीराज चढला तर घोडी वाचंल,” व्यंकट बोलून गेला.

रणधीर दुखावला नाही, हेच वाईट होतं. “ठावं हाय मला,” तो म्हणाला. “तुमी तसं कागदावर लिवा. ‘ह्या मानसाला घोडी अयोग्य.’ म्या काय बोलनार न्हाय.”

“तसा रकाना न्हाय, दादा.”

“शिवांजलीला बशिवलं तर? माजी पोरगी, पस्तीस किलोची.”

“मला चालंल. तुमच्या कमिटीला?”

“शेठला इचारलं. म्हनं, देवाला कर्ता पुरुष लागतो.” रणधीर खिडकीतून बुलेटकडे बघत राहिला. “कर्ता! घोडी मला उचलती, म्या मानाला उचलतो. काय करतो म्या?”

फॉर्म टेबलावर पडला होता. खाली डॉक्टरांची सही, वर दोन शब्द, योग्य आणि अयोग्य, एक खोडायचा. सव्वीस वर्षांत व्यंकटनं किती जनावरं तपासली असतील, पण खोडायचं काम त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. अयोग्य ठेवलं तर घोडी वीटभट्टीवर. योग्य ठेवलं तर घोडीवर एकशे सतरा किलो. त्यानं ‘अयोग्य’ हा शब्द खोडला, एकदा, मग पुन्हा त्याच रेघेवरून. खाली शेऱ्याच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं, ‘घोडीवरील ओझे शक्य तितके कमी ठेवावे.’

“जेवढं कमी करता यील तेवढं करा,” तो रणधीरला म्हणाला. “परवा उपाशी चढा. कडी, तोडं, तलवार काय नगो. एकेक किलो मोजून काढा. किलोकिलोनं तिचा जीव हाय.”

“करतो,” रणधीर म्हणाला. कागद घेऊन जाताना त्यानं खोड्याला धरून थोडा वेळ दम खाल्ला.

जत्रेच्या दिवशी व्यंकटला दुपारपासून वेशीत थांबायचं होतं. पण मळ्यातल्या एका वस्तीवर गाय अडली होती, आणि गायीला जत्रा कळत नाही. वासरू जिवंत निघालं. हात धुऊन तो निघाला तेव्हा दिवस कलला होता आणि हलगीचा आवाज ओढ्यापर्यंत येत होता.

वेशीत गर्दी होती. रणधीर चढून बसला होता, डोक्याला साधा फेटा, अंगावर एकही दागिना नाही, मांडीवर मुखवटा. उपासानं त्याचा चेहरा उतरला होता. व्यंकटला एक क्षण बरं वाटलं. मग त्याची नजर खाली गेली.

खोगीर नव्हतं. कवडीच्या उघड्या पाठीवर लाल मखमलीचा एकपदरी तुकडा होता आणि त्यावर रणधीर. रिकिबी नाहीत, म्हणून पाय दोन्ही बाजूंना पोत्यासारखे लोंबत होते.

“शेठ, खोगीर कुठाय?”

गुंडाप्पा शेठ नव्या धोतरात, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, आनंदात होते. “बारदान वजा केलं की ओ! तुमीच लिवलं होतं, वझं कमी करा. तेरा किलो एका फटक्यात! दादा मानंनात, रिकिबीबिगर कसं बसू म्हनत हुते. म्या म्हनलं, डॉक्टरचा सरकारी शेरा हाय.”

“शेठ, ते वझं नव्हं! ते वझं वाटून देतंय. आता समदं एका जागी, मनक्यावर…”

“आं?” हलगी जोरात होती.

“खोगीर आना! उतरवा त्यांना!”

उतरवा हा शब्द मात्र सगळ्यांना ऐकू आला. रणधीरनं वरून बघितलं. गर्दीच्या कडेला, या खेपेस पायरी सोडून वेशीतच, योगीराज उभा होता. त्यानं काहीच केलं नाही; फक्त रणधीरच्या पायांकडे बघितलं.

धुरपताबाई लगाम धरून होती. व्यंकट तिच्या कानाशी गेला. “मावशी, डोक्यावर घागर घेताना खाली चुंबळ घालता का न्हाय? चुंबळीचं वजन कुनी वजा करतंय का?”

तिला ते तेव्हाच कळलं. तिनं वर रणधीरकडे पाहिलं, पुढं खोगीर ठेवलेल्या देवळाकडे पाहिलं. ते देऊळ नऊशे पावलांवर होतं, आणि कुणी धावत जाऊन खोगीर आणलं तरी ते घालायला रणधीरला भुईवर उतरावं लागलं असतं. “आता काय करू?” ती म्हणाली. एवढ्यात कुणीतरी गुलाल उधळला, ‘भैरवनाथाच्या नावानं’ अशी आरोळी उठली आणि कवडी चालू लागली. आरोळी झाली की चालायचं हे तिला माहीत होतं.

व्यंकट तिच्या पोटाला लागून चालला. मानकऱ्याला आधार द्यावा तसा त्यानं रणधीरच्या मांडीखाली खांदा लावला. त्यानं किती उचललं गेलं कुणास ठाऊक. दहा किलो असेल, नसेलही. दुसऱ्या बाजूनं धुरपताबाईनं डोकं लावलं. लोकांना वाटलं, भक्तीचा भर आहे.

“सरकून बसू का म्होरं?” रणधीरनं ओठ न हलवता विचारलं.

“हलू नका, दादा. जरा बी हलू नका.”

“म्या हलका हुतोय. श्वास धरलाय.”

व्यंकटनं त्याला खरं सांगितलं नाही.

चढाला दगडी फरशी होती. तिथं कवडीचे मागचे पाय थोडे फाकले, पोटाची कातडी थरथरली आणि एक लांब श्वास व्यंकटच्या कानावरून गेला. ती थांबली नाही. थांबली असती तर तो ओरडला असता, आणि कदाचित ऐकलंही असतं कुणी. पण ज्यानं तक्रार केली नाही, त्याच्या वतीनं तक्रार करणं ह्या गावात कुणाला जमलेलं नाही. पायरीशी आल्यावर ती स्वतःच उभी राहिली, दरवर्षीच्या जागेवर, एक बोटही इकडे-तिकडे नाही. रणधीर उतरला. योगीराजनं नमस्कार केला. कवडीला पुरणपोळीचा घास दिला तो तिनं खाल्ला.

“बगा,” शेठ म्हणाले, “उगं जीव खाल्ला आमचा. फुडच्या सालचा कागद बी आत्ताच भरून ठिवा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी धुरपताबाईचा निरोप आला. व्यंकट गेला तेव्हा कवडी दारात उभी होती. खात होती, पाणी पीत होती. कान पुढं केले, गूळ घेतला. लांबून बघणाऱ्यानं योग्यच म्हटलं असतं.

“काल अंग पुसाया फडकं टाकलं,” धुरपताबाई म्हणाली, “तर खाली बसाया लागली. फडकं ओ. वाळल्यालं.”

व्यंकट कवडीच्या डाव्या बाजूला उभा राहिला. मानेवरून हात फिरवत आणला, खांद्यावर आणला, तिथपर्यंत ती शांत होती. मग त्यानं तळहात पाठीवर ठेवला, दाबला नाही, फक्त टेकवला. कवडीची पाठ त्याच्या हाताखालून निघून गेली. गुडघे वाकले, पोट खाली आलं. एवढ्या मोठ्या जनावरानं एका रिकाम्या हाताला खाली जागा करून दिली. तिनं त्याच्याकडे मान वळवली. डोळ्यांत राग नव्हता. गूळ कुठल्या हातात आहे हे ती बघत असावी.

त्यानं हात उचलला. ती हळूहळू सरळ झाली.

“बरी हुईल का?”

“चालंल-फिरंल, मावशी. वर काय घेनार न्हाय आता.”

“मंग इकत्याल.”

व्यंकटला वीटभट्टीचं नाव तोंडावर आणायचं नव्हतं. कागदावर तर ती योग्य होती. डॉक्टरांची सही होती, रेघ दोनदा ओढलेली होती. पुढच्या जत्रेपर्यंत तो कागद तसाच फायलीत राहील, आणि तोपर्यंत कुणी विचारणार नाही. एवढंच त्याच्या हातात होतं.

“पुढच्या सालपर्यंत कुनाला सांगू नका,” तो म्हणाला.

धुरपताबाईनं मान हलवली. घरात जाऊन तिनं त्याच्यासाठी चहा टाकला. ऊन वर आलं तसं कवडीच्या पाठीवर माशा बसू लागल्या. एरवी ती कातडी थरथरवून त्या उडवी. आज पाठ हलवायला तयार नव्हती. चहा गार झाला तरी व्यंकट तिच्याशेजारी उभा होता, पाठीला लागू न देता दोन बोटं वरून हात फिरवत, एकेक माशी उडवत.